ओपनएसएसएल

ओपनएसएसएल हा संगणकीय जाळ्यावरील संवाद सुरक्षित ठेवण्यासाठी वापरला जाणारा मुक्तस्रोत आज्ञावलीसंच आहे. एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी सुरू होत असेल, तर ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील मजकूर टीएलएस या प्रोटोकॉलनुसार कूटबद्ध होऊन जातो. सर्व्हरच्या बाजूने हे काम बहुधा ओपनएसएसएल करतो. त्याच्या नावातील एसएसएल हा टीएलएसचा पूर्वीचा अवतार असून तो आता असुरक्षित मानला जातो. नाव मात्र टिकून राहिले आहे.

रचना

ओपनएसएसएल मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. त्याचे दोन मुख्य भाग आहेत. 'लिबक्रिप्टो' या भागात कूटलेखनाच्या गणिती पद्धती आहेत, तर 'लिबएसएसएल' हा भाग त्यांच्या आधारे टीएलएसची जोडणी प्रस्थापित करतो. जोडणीच्या आरंभी सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवून ओळख पटवतो, दोन्ही बाजू एक सामायिक गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढील सर्व मजकूर त्या किल्लीने कूटबद्ध होतो. याखेरीज किल्ल्या व प्रमाणपत्रे तयार करण्यासाठी एक आज्ञा-साधनही त्यात असते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा प्रत्यक्ष संबंध बहुतेक वेळा त्याच्याशीच येतो.

इतिहास

एरिक यंग आणि टिम हडसन यांनी 'एसएसएलईएवाय' ही आज्ञावली विकसित केली होती. नावातील शेवटची तीन अक्षरे यंग यांच्या नावाची आद्याक्षरे होत. डिसेंबर १९९८ मध्ये दोघेही एका खासगी कंपनीत रुजू झाल्याने ते काम थांबले. तेव्हा इतर विकासकांनी तीच आज्ञावली पुढे नेण्यासाठी ओपनएसएसएल प्रकल्प सुरू केला व त्याच महिन्यात ०.९.१ ही पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली.

कूटलेखनाची सारी भिस्त अंदाज बांधता न येणाऱ्या संख्यांवर असते, याचा प्रत्यय २००८ मध्ये आला. डेबियन या लिनक्स वितरणात २००६ साली ओपनएसएसएलमधील काही ओळी अनावश्यक समजून वगळण्यात आल्या होत्या. परिणामी यादृच्छिक संख्या निर्माण करताना केवळ प्रक्रियेचा क्रमांक हाच बदलता घटक उरला आणि त्याच्या शक्यता जास्तीत जास्त ३२,७६८ एवढ्याच होत्या. अशा किल्ल्या शोधून काढणे सहज शक्य होते. त्या सर्व टाकून नव्याने तयार कराव्या लागल्या. ही चूक मूळ प्रकल्पाची नव्हती.

हार्टब्लीड

७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेला 'हार्टब्लीड' हा दोष मात्र मूळ आज्ञावलीतच होता. जोडणी जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी एक बाजू छोटा मजकूर पाठवते व दुसरी बाजू तोच परत करते, अशी 'हार्टबीट' नावाची सोय १.०.१ या आवृत्तीत आली होती. मजकुराची लांबी पाठवणारा सांगत असे आणि ओपनएसएसएल ती पडताळून पाहत नसे. एक अक्षर पाठवून हजारो अक्षरांची लांबी सांगितली, तर सर्व्हर आपल्या स्मृतीतील शेजारचा मजकूरही परत करी. एका विनंतीत सुमारे ६४ किलोबाइट मजकूर मिळू शके. त्यात परवलीचे शब्द, क्वचित सर्व्हरची खासगी किल्लीही असे. सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींत याचा मागमूस राहत नसल्याने नेमके काय चोरीस गेले, हे बहुतेकांना कळणे अशक्य होते. मार्च २०१२ पासून वापरात असलेला हा दोष गूगलचे नील मेहता आणि कोडेनोमिकॉन या कंपनीचे अभियंते यांनी स्वतंत्रपणे शोधला. १.०.१जी या आवृत्तीत लांबीची तपासणी जोडून तो दूर करण्यात आला.

दोषापेक्षाही अधिक धक्कादायक होती ती प्रकल्पाची स्थिती. जगभरातील आर्थिक व्यवहार ज्यावर विसंबून होते, ती आज्ञावली मूठभर विकासक सांभाळत होते आणि वार्षिक देणग्या सुमारे २,००० डॉलर एवढ्याच होत्या. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांच्या साहाय्याने अशा पायाभूत प्रकल्पांसाठी निधी उभारला. ओपनबीएसडीच्या विकासकांनी जुनी, निरुपयोगी आज्ञावली छाटून 'लिब्रेएसएसएल' ही स्वतंत्र शाखा काढली, तर गूगलने स्वतःच्या वापरासाठी 'बोरिंगएसएसएल' तयार केली.

अलीकडील आवृत्त्या

टीएलएस १.३ चा आधार सप्टेंबर २०१८ मधील १.१.१ या आवृत्तीत आला. सप्टेंबर २०२१ मधील ३.० या आवृत्तीपासून जुना दुहेरी परवाना जाऊन अपाची परवाना २.० लागू झाला. एप्रिल २०२५ मधील ३.५ या आवृत्तीत क्वांटम संगणकांच्या हल्ल्यापुढे टिकाव धरण्यासाठी रचलेल्या एमएल-केईएम व एमएल-डीएसए या पद्धतींचा समावेश आहे.