अ‍ॅट्रॉसिटीतील अर्थसहाय्य : आधी हे शब्द समजून घ्या

सोलापूर जिल्ह्यात पीडित कुटुंबांसोबत काम करताना आम्हाला हमखास विचारलं जातं, 'पैसे निकालानंतरच मिळणार ना?' नाही. 'अर्थसहाय्य' आणि 'नुकसानभरपाई' हे दोन शब्द एकच समजल्यामुळे हा घोळ होतो.

अर्थसहाय्य अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार जिल्हा प्रशासन देतं. कागदपत्रं समाज कल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे. २०१६ च्या सुधारणेनुसार ही तातडीची मदत सात दिवसांत द्यायची आहे. नुकसानभरपाईसाठी मात्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं लागतं.

'प्रथम खबर' म्हणजे एफआयआर आणि 'दोषारोपपत्र' म्हणजे चार्जशीट. हप्ते या टप्प्यांवर ठरतात. जातिवाचक अपमानाच्या गुन्ह्यात एक लाख रुपये : २५ टक्के एफआयआरला, ५० टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, उरलेले २५ दोषसिद्धीनंतर. खुनात ८ लाख २५ हजार. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्रानंतर. म्हणजे यातला एकही रुपया निकालावर अवलंबून नाही. शिवाय विधवेला किंवा इतर 'अवलंबितांना' दरमहा निवृत्तिवेतन आहे, पण ते मागायचंच राहून जातं.

'फिर्यादी' म्हणजे खबर देणारा. 'पीडित' या व्याख्येत मात्र नातेवाईक, पालक आणि कायदेशीर वारसही येतात.

फाईल बहुधा अडते ती जातीच्या दाखल्यावर. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून आहेत, तेव्हा 'धर्म बौद्ध लिहिलाय' ही हरकत तोंडी ऐकून परतू नका. ती लेखी मागा.