मुंबई हाय : तेलाचा शोध आणि कान नसलेले जीव

१/ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या सोलापुरातही बाजारात सुकट मिळते. सुकट म्हणजे किनाऱ्यावर वाळवलेला जवळा, अगदी लहान जातीची कोळंबी. हा जवळा देणाऱ्या अरबी समुद्राला तेलाच्या शोधाचाही इतिहास आहे.

२/ १९६० च्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने खंभातचे आखात आणि लगतच्या समुद्राचे भूकंपीय सर्वेक्षण केले. पाण्यात प्रचंड आवाज निर्माण करायचा आणि तळाखालच्या खडकांवरून परतणाऱ्या लहरी नोंदवायच्या, अशी ही पद्धत. तिच्यातूनच ‘मुंबई हाय’चा उंचवटा नकाशावर आला.

३/ १९७३ च्या तेलसंकटाने देश हवालदिल झाला असतानाच, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तेथे तेल गाठले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. हे तेल मुख्यतः प्राचीन सागरी जीवांच्या कवचांपासून बनलेल्या चुनखडकात साठलेले आहे.

४/ आजच्या सर्वेक्षणात एअरगन वापरतात. दाबाखालची हवा काही सेकंदांच्या अंतराने पाण्यात सोडली जाते. हे काम आठवडेच्या आठवडे, रात्रंदिवस चालते.

५/ कोळंबी, माकूल यांना कान नसतात. परंतु तोल सांभाळणारे सूक्ष्म इंद्रिय असते आणि ते पाण्यातील कंप टिपते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टास्मानियातील प्रयोगात एकाच एअरगनमुळे १.२ किलोमीटरपर्यंत प्राणिप्लवक घटले आणि मृत प्लवकांचे प्रमाण २ ते ३ पट झाले. शेवंडांच्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियालाही इजा झाल्याचे तेथेच आढळले.

६/ दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९७८ ते २००४ या काळातील शेवंडांच्या पकडीत सर्वेक्षणांमुळे घट झाल्याचे दिसले नाही. उलट, १९९२ मध्ये नॉर्वेजवळच्या बॅरेंट्स समुद्रात कॉड व हॅडॉक माशांची पकड सरासरी निम्म्यावर आली. म्हणजे परिणाम जीवागणिक आणि समुद्रागणिक बदलतो. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावता येत नाही.

७/ महाराष्ट्रातील वाद याच प्रश्नापाशी येतो. सर्वेक्षणाच्या काळात जहाजाच्या मार्गातून जाळी काढावी लागतात आणि होड्या किनाऱ्याला लागतात. मच्छीमार संघटनांनी म्हणूनच वेळोवेळी नुकसानभरपाई मागितली आहे. बुडालेले दिवस मोजता येतात. जहाज निघून गेल्यावर पकड घटली, तर तिचे कारण आवाज, बदलते हवामान की अतिमासेमारी, हे ठरवणार कसे?

८/ त्यासाठी सर्वेक्षणापूर्वीची, सर्वेक्षणाच्या काळातील आणि नंतरची नोंद त्याच पाण्यात व्हावी लागते. तळाखालचा एकेक थर तेलाच्या शोधात मोजला गेला. त्यावरच्या पाण्यातला जवळा तितक्याच काटेकोरपणे मोजला, तरच कोळ्याच्या तक्रारीला पुराव्याचे बळ मिळेल, आणि तक्रार निराधार असेल तर तेही कळेल.