गाडी हाकत नाही तो कप्तान

चालकाविना धावणाऱ्या सार्वजनिक वाहनात लोक बसतील का, हा प्रश्न आज नवा वाटतो. लंडनमध्ये मात्र तो अर्धशतकापूर्वीच उभा राहिला होता. आजचा धागा त्याविषयी.

१९६८ साली तेथील भुयारी रेल्वेची व्हिक्टोरिया लाइन सुरू झाली. चालकाने दारे लावून दोन बटणे एकदम दाबायची. पुढच्या स्थानकापर्यंत गाडी आपली आपण जाई. तरीही चालकाची केबिन राहिली आणि तीत माणूसही राहिला. त्यामुळे प्रवाशांच्या विश्वासाची खरी परीक्षा तेव्हा झालीच नाही, असे मला वाटते.

ती झाली १९८७ मध्ये. पूर्व लंडनमधील ओस पडलेल्या गोद्यांच्या परिसरात डॉकलँड्स लाइट रेल्वे आली आणि तिच्यात चालकाची केबिनच नव्हती. अगदी पुढच्या काचेशी प्रवासी बसत (त्या जागेसाठी मुलांची, आणि मोठ्यांचीही, धडपड आजही चालते). पण डब्यात एक कर्मचारी फिरत असे. तो तिकिटे तपासी, दारे बंद करी, आणि यंत्रणा अडली तर पुढील कुलूपबंद नियंत्रणपेटी उघडून स्वतः गाडी हाके. त्याचे पदनाम काय असावे? ‘ट्रेन कॅप्टन’! एरवी जो गाडी हाकतच नाही, त्याला कप्तान म्हणायचे. पुढे हे नाव बदलले, माणूस राहिला.

उद्घाटनापूर्वीच, १० मार्च १९८७ रोजी, आयलंड गार्डन्स येथे चाचणीची एक गाडी शेवटचा अडसर तोडून उन्नत मार्गाच्या टोकाशी लोंबकळली. चालकविरहित रेल्वेची याहून वाईट जाहिरात ती कोणती? गंमत अशी की, त्या वेळी ती गाडी माणूसच चालवत होता.

म्हणजे कप्तानाची गरज केवळ अपघाताच्या भयातून उपजलेली नव्हती. रात्री अनोळखी माणसांसह बंद डब्यात बसलेल्याला गाडी कोण चालवतो यापेक्षा, काही घडले तर हाक कोणाला मारायची, हा प्रश्न अधिक छळतो. चालक आणि वाहक नकळत राखणदारही असतात.

फ्रान्समधील लील शहराने १९८३ मध्येच गाडीतला कर्मचारीही वगळला होता. पण तेथे फलाट आणि रूळ यांच्यामध्ये सरकत्या दारांची भिंत होती. रस्त्यावर अशी भिंत कोठून आणणार? २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील सियों येथे दोन छोट्या स्वयंचलित बस धावू लागल्या, तेव्हा प्रत्येकीत एक कर्मचारी ठेवला होता. त्याच वर्षी एक बस उभ्या व्हॅनच्या मागच्या दाराला धडकली. सेवा थांबली, आणि पुन्हा सुरूही झाली.

२८ डिसेंबर २०२० रोजी दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर चालकविरहित सेवेचे उद्घाटन झाले, त्यानंतरही काही काळ गाडीत कर्मचारी होताच. मुंबईत २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘२ अ’ आणि ‘७’ या मेट्रो मार्गांवरील गाड्या चालकाविना धावू शकतील अशाच बनवल्या आहेत. सुरुवात मात्र चालकांसहच झाली.