एका पत्राचा कायदा

गोड्या मसाल्याची आमच्या घरची कृती आजीच्या वहीत आहे. बदलीवर दिल्लीस निघताना आम्ही घाईघाईने तिची नक्कल करून घेतली. धणे किती, सुके खोबरे किती, दगडफूल किती, सर्व आकडे जसेच्या तसे उतरविले. त्याबरहुकूम केलेला वर्षाचा मसाला पावसाळ्यात खवट झाला. आम्ही प्रथम दोष वाण्यास दिला, मग दिल्लीच्या हवेस. पुढे रजेवर गावी गेलो असता मूळ वही उघडली, तेव्हा आकड्यांच्या खाली आजीच्या बारीक अक्षरांत एक ओळ आढळली. मसाला वर्षभर ठेवावयाचा असल्यास खोबरे घालू नये, असे तीत लिहिले होते. आम्ही आकडे उतरविले होते. अट उतरविली नव्हती.

हा घरगुती प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे की, याच जातीची चूक इटलीसारख्या देशाने आपल्या सर्वांत प्रसिद्ध द्राक्षमद्याच्या बाबतीत केली आणि ती निस्तरावयास त्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. त्या मद्याचे नाव कियांती. आम्ही मद्याचे मर्मज्ञ नाही. परंतु नियम आणि परिपत्रके यांच्या सहवासात ज्यांचे दिवस जातात, त्यांना ह्या तांबड्या मिश्रणाच्या इतिहासात आपल्या ओळखीचे पुष्कळ काही सापडेल.

फ्लॉरेन्स आणि सिएना ही तस्कनी प्रांतातील दोन नगरे. त्यांच्या मधल्या डोंगराळ मुलखास कियांती म्हणतात. मध्ययुगात ही दोन्ही नगरे स्वतंत्र प्रजासत्ताके होती आणि ह्या डोंगरांसाठी त्यांचे हाडवैर होते. त्या वैराच्या शेवटाची एक दंतकथा अशी. दोन्हीकडून एकेक स्वार कोंबडा आरवताच निघावा आणि दोघे जेथे भेटतील तेथे हद्द ठरावी, असा करार झाला. सिएनाने पांढरा कोंबडा निवडला व त्यास खाऊ घालून पुष्ट केले. फ्लॉरेन्सने काळा निवडला व त्यास अंधारात उपाशी ठेविले. भुकेने व्याकूळ झालेला काळा कोंबडा त्या दिवशी पहाटेच्या कितीतरी आधी आरवला. फ्लॉरेन्सचा स्वार पार फोंतेरुतोलीपर्यंत, म्हणजे सिएनाच्या जवळजवळ दारापर्यंत, येऊन पोहोचला आणि बहुतेक सारा मुलूख फ्लॉरेन्सकडे गेला. कथा खरी असो वा नसो, चौदाव्या शतकात राद्दा, गायोले व कास्तेल्लिना ह्या गावांचा जो संघ फ्लॉरेन्सच्या छत्राखाली होता, त्याचे चिन्ह काळा कोंबडाच होते. व्हाझारीने सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या जुन्या राजवाड्याचे छत रंगविले, त्यातही तो कोंबडा आहे.

मुलखाच्या नावाने मद्य विकले जाऊ लागले आणि नाव झाले म्हणजे नकलाही आल्याच. म्हणून 1716 साली मेदिची घराण्यातील ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने एक आज्ञापत्र काढले आणि कियांतीसह चार मद्यप्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. मद्याच्या नावास भूमीची हद्द बांधून देणाऱ्या जगातील अगदी पहिल्या राजाज्ञांपैकी ही एक होय. तिचा विशेष असा की, मद्य कोठले हे तिने सांगितले. मद्यात काय घालावे ह्याविषयी आकड्यांची पाककृती दिली नाही.

ती पाककृती ज्याच्या नावावर चढली तो गृहस्थ मोठ्या योग्यतेचा. बेत्तीनो रिकासोली (1809–1880) हा ब्रोलियोच्या गढीचा उमराव. ही गढी त्याच्या घराण्याकडे 1141 पासून होती. तस्कनीस एकसंध इटलीत आणण्यात त्याचा वाटा फार मोठा. काव्हूरच्या मृत्यूनंतर 1861 साली तो इटलीचा प्रधानमंत्री झाला आणि 1866 मध्ये पुन्हा एकदा त्या पदावर आला. त्याच्या करारीपणामुळे लोक त्यास पोलादी उमराव म्हणत. राजकारणाइतकेच त्याचे लक्ष आपल्या द्राक्षमळ्यांवर होते. कोणत्या द्राक्षाचा काय गुण, ह्याचे प्रयोग त्याने अनेक वर्षे केले आणि 1872 साली पिसा येथील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांस लिहिलेल्या पत्रात त्यांचे सार कळविले.

त्या पत्राचा आशय थोडक्यात असा. मद्यास मुख्य सुगंध आणि एक प्रकारचा जोम मिळतो तो सांजोवेसे ह्या काळ्या द्राक्षापासून. कानायोलो हे दुसरे काळे द्राक्ष त्यास मार्दव देते, सुगंध न घालविता त्याचा कठोरपणा उतरविते. तिसरे माल्वासिया, हे पांढरे द्राक्ष. त्याने मद्य पातळ व हलके होते आणि रोजच्या जेवणासोबत लवकर घेण्याजोगे होते. जे मद्य मुरण्यासाठी ठेवावयाचे त्यात ते वगळले तरी चालेल. वाचकांनी हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे. आमच्या आजीची बारीक अक्षरांतील ओळ ती हीच.

कियांतीचा लौकिक वाढत गेला. गोल बुडाच्या, गवताचे आवरण विणलेल्या कुपीतून ते जगभर पोहोचले. ती आवरणे विणणे हा तस्कनीतील असंख्य स्त्रियांचा चरितार्थ होता. ह्या कुपीस इटालियन भाषेत ‘फियास्को’ म्हणतात आणि फजितीसही तोच शब्द आहे, हा योगायोग पुढे फारच बोलका ठरला. 1924 साली राद्दा येथे तेहतीस उत्पादकांनी आपल्या नावाच्या रक्षणासाठी संघ स्थापिला आणि काळ्या कोंबड्यास पुन्हा ध्वजावर बसविले. परंतु 1932 मध्ये सरकारी समितीने कियांतीची हद्द कितीतरी पट वाढवून तिचे सात विभाग केले; मूळच्या डोंगराळ भागास केवळ ‘क्लासिको’, म्हणजे अभिजात, हे विशेषण उरले.

ह्यानंतर कायदा आला. 1963 साली इटलीने मद्यांच्या नामाभिधानाचे नियम केले आणि त्यांन्वये 1967 मध्ये कियांतीचे घटक आकड्यांत बांधले गेले. सांजोवेसे शेकडा 50 ते 80, कानायोलो 10 ते 30 आणि पांढरी द्राक्षे, माल्वासिया तसेच त्रेब्बियानो, 10 ते 30. पत्रात ऐच्छिक असलेले पांढरे द्राक्ष कायद्यात सक्तीचे झाले आणि लवकर प्यावयाचे मद्य व मुरवावयाचे मद्य हा भेद गळून पडला. पत्रात नसलेल्या त्रेब्बियानोसही प्रवेश मिळाला. ते चवीला बेताचे, परंतु पिकाला भरघोस.

हे अज्ञानाने झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तस्कनीची शेती शतकानुशतके अर्धेलीने चाले. कूळ राबे, उत्पन्न मालकाशी निम्मे वाटून घेई. शेतात धान्य, ऑलिव्ह आणि झाडांवर चढविलेले वेल एकत्रच असत व काळी-पांढरी द्राक्षे एकाच वेळी खुडली जात. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे शहरांकडे गेली. 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. ओस पडलेल्या डोंगरांवर घाईने नव्या लागवडी झाल्या आणि त्यांत गुणापेक्षा उताऱ्याकडे लक्ष दिले गेले. नियम लिहिणाऱ्यांनी आपल्यासमोरची वहिवाट लिहून काढली आणि तिला वारसा असे नाव दिले. परिणामी गवती कुपीतील कियांती म्हणजे स्वस्त व पाणचट मद्य, अशी जगाची समजूत झाली.

तेव्हा चांगले मद्य करू इच्छिणाऱ्यापुढे विलक्षण पेच पडला. नियम पाळावा तर मद्य बिघडते. न पाळावा तर नाव जाते. 1385 पासून ह्या व्यवसायात असलेल्या आंतिनोरी घराण्याने दुसरा मार्ग पत्करला. त्यांचे ‘तिन्यानेल्लो’ हे मद्य 1971 च्या हंगामापासून कियांतीचे नाव टाकून सामान्य मद्य म्हणून बाजारात आले आणि 1975 च्या हंगामात त्यातील पांढरे द्राक्ष पूर्णपणे गेले. इतरही त्या वाटेने गेले. मुलखातील उत्तमोत्तम मद्ये कागदोपत्री सर्वांत खालच्या वर्गात आणि किंमत मात्र सर्वांत वरची, असा देखावा कित्येक वर्षे राहिला. कोणत्याही नियमाची ह्याहून कठोर तपासणी आमच्या पाहण्यात नाही.

पुढे कायदा सावकाश वळला. 1984 मध्ये पांढऱ्या द्राक्षांचे सक्तीचे प्रमाण पुष्कळ कमी झाले. 1996 मध्ये क्लासिको विभागास स्वतंत्र नियम मिळून केवळ सांजोवेसेचे मद्यही मान्य झाले. 2006 च्या हंगामापासून त्या विभागात पांढरे द्राक्ष वर्ज्यच ठरले. आज तेथे सांजोवेसे शेकडा 80 तरी असावे लागते. उर्वरित विस्तृत कियांतीत मात्र थोडे पांढरे द्राक्ष अद्याप चालते, पण ते ऐच्छिक म्हणून. म्हणजे ताजे प्यावयाच्या मद्याला सवलत आणि मुरवावयाच्या मद्याला मोकळीक. बऱ्याच वळणांनंतर कायदा पोलादी उमरावाच्या मूळ वाक्यापाशी येऊन पोहोचला.

आता हेच सांजोवेसे आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळही पिकते. फ्रातेल्ली या नावाच्या मद्यशाळेत इटालियन व भारतीय भागीदारांनी ते लाविले असून तस्कनीचे मद्यतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली ते काबेर्ने सोव्हिन्योंशी मिसळून ‘सेत्ते’ नावाचे मद्य तेथे केले जाते. त्यास कोणी कियांती म्हणत नाही आणि म्हणूही नये, कारण नाव भूमीचे आहे. परंतु कोणते द्राक्ष कशासाठी मिसळावे, हा रिकासोलीचा प्रश्न माळशिरसच्या मातीत नव्याने विचारावा लागतो.

मुलखाबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींपाशी वारसा येतो तो बहुधा नकलेच्या रूपानेच. सणाचे विधी, पंगतीतील वाढण्याचा क्रम, भाषेतील वळणे हे सर्व आपण आकड्यांसारखे उतरवून घेतो आणि मुलांना तसेच देतो. ते अमुक प्रसंगी कशासाठी होते, ही बारीक अक्षरांतील ओळ प्रवासात गळते. ह्या उन्हाळ्यात आम्ही आजीच्या वहीची नक्कल पुन्हा केली. ह्या वेळी ती ओळ आधी लिहिली, आकडे मागून.