पोर्नेइया
नव्या करारातील ग्रीक संज्ञा. मराठी पवित्र शास्त्रात यासाठी ‘जारकर्म’ हा शब्द रूढ आहे. मात्र ‘जार’ म्हणजे विवाहितेचा प्रियकर, त्यामुळे मूळ अर्थाची व्याप्ती त्यात मावत नाही. पोर्नेइयाच्या मुळाशी असलेल्या ‘पोर्ने’ शब्दाचा अर्थ वेश्या. या शब्दाचे नाते विकणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. हिब्रू ‘झाना’ (वेश्यावृत्ती करणे) धातूच्या ग्रीक भाषांतरांतून पोर्नेइयाचा अर्थ विस्तारला आणि विवाहबाह्य संबंधांपासून मूर्तिपूजेपर्यंत पोहोचला. जुन्या करारातील होशेयच्या ग्रंथात देवाशी बेइमान झालेले इस्राएल व्यभिचारी पत्नीच्या रूपात येते. विवाहबंधन मोडणाऱ्या व्यभिचाराला ‘मोइखेइया’ हा वेगळा शब्द आहे. मत्तय १५:१९ मध्ये दोन्ही शेजारी-शेजारी येतात, म्हणजे ते समानार्थी नव्हेत. करिंथकरांस पहिल्या पत्रात (५:१) पौल बापाच्या बायकोशी ठेवलेल्या संबंधालाही पोर्नेइयाच म्हणतो. खरा वाद मत्तय ५:३२ व १९:९ यांवर आहे. पत्नीला सोडण्याच्या मनाईला तेथे पोर्नेइयाचा अपवाद आहे. काहींच्या मते तो व्यभिचार, तर काहींच्या मते लेवीय १८ मधील निषिद्ध नात्यांतला विवाह. कॅथलिक परंपरेने या अपवादातून पुनर्विवाहाची मुभा मानली नाही. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांनी मानली.