तळटीप ७ : फटींचा गोठा

७. आयर्लंडच्या पश्चिमेकडे मांसासाठी पोसलेली जनावरे हिवाळाभर अशा गोठ्यांत कोंडलेली असतात. जमीन काँक्रीटच्या पट्ट्यांची. खुरांनी तुडवलेले शेण-मूत फटींतून खालच्या हौदात पडते. झाडलोट वाचते आणि गव्हा-बार्लीचे काडही लागत नाही. ते पिकते मुख्यतः पूर्वेला नि दक्षिणेला, तेव्हा वाहतुकीने महागच पडते. मालकाचा हिशेब चुकीचा नाही. जनावराला तो कोणी विचारलेला नाही, एवढेच. बसता-उठताना गुराचा भार पुढच्या गुडघ्यांवर येतो. कठीण पट्ट्यांवर ते सुजतात, आणि दाटीत शेपटीचे टोक पायाखाली चेंगरून सडते. निवड करू दिली, तर जनावर काडावरच बसते. अर्थात काड वेळच्या वेळी बदलले नाही तर त्याचाही चिखल होतो, आणि मऊ जमिनीवर खुरे न झिजता वाढतात. पट्ट्यांवर रबर अंथरणे हा मधला मार्ग. युरोपीय संघात दोन आठवड्यांखालच्या वासरांना अंथरूण सक्तीचे आहे. मोठ्या गुरांसाठी तशी सक्ती नाही. हौद ढवळताना हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू उसळतो. पुढच्या प्रकरणात त्याआधी गुरे बाहेर काढतात ती यासाठीच. — संपा.