तांबड्या हाडांची साक्ष

हाड म्हणजे देहरूपी घराचा वासा. एकदां उभा राहिला कीं घर पडेपर्यंत तसाच टिकावयाचा, अशी समजूत शतकानुशतकें शहाण्यांचीहि होती. ती ढळण्यास आरंभ झाला तो एका जेवणाच्या ताटावरून.

इ. स. १७३६ च्या सुमारास लंडनचा शल्यवैद्य जॉन बेल्चियर एका छीट छापणाऱ्या कारखानदाराकडे जेवावयास गेला. ताटांतील डुकराचें मांस नेहमींसारखेंच, परंतु हाडें तांबडीं लाल! चौकशीअंतीं कळलें कीं, मंजिष्ठेच्या रंगानें छापलेलें कापड कोंड्याच्या पाण्यांत उकळून स्वच्छ करीत, आणि तोच रंगलेला कोंडा डुकरांपुढें टाकीत. (युरोपांतील ही वनस्पति आपल्या मंजिष्ठेची बहीणच होय.) बेल्चियरनें एका कोंबड्यास मंजिष्ठ चारून पाहिली, त्याचींहि हाडें रंगलीं.

हा धागा फ्रान्समध्यें द्युआमेल द्यु मोंसो यानें उचलला. हा मूळचा वृक्ष व शेती यांचा अभ्यासक. जनावरांस कांहीं दिवस मंजिष्ठ चारावी, कांहीं दिवस बंद करावी, पुन्हां चारावी, असें त्यानें केलें. हाड कापून पाहतां तांबडे व पांढरे थर एकाआड एक दिसले. रंग बसतो तो त्या वेळीं घडत असलेल्या हाडासच, हें या प्रयोगांचें मर्म. झाडाच्या खोडाप्रमाणें हाडहि बाहेरून थर चढून जाड होतें, हें त्यानें ओळखलें. मग त्यानें कोवळ्या जनावराच्या हाडाभोंवतीं रुप्याची तार बांधली. कालांतरानें तार हाडाच्या आंत गेलेली आढळली. मज्जेची पोकळीहि रुंदावली होती. तेव्हां पोकळीच्या जागीं असलेलें हाड गेलें कोठें? लांकूड आंतून असें नाहींसें होत नाहीं. ज्या उपमेनें द्युआमेलला वाट दाखविली तिनेंच येथें चकविलें. हाड ताणून रुंदावलें, असें त्यानें मानलें.

याचें खरें उत्तर लंडनच्या जॉन हंटरनें दिलें. त्यानेंहि डुकरांस मंजिष्ठ चारली, आणि बाहेरून भर पडत असतां आंतील जुनें हाड शरीर स्वतःच शोषून घेतें, असा निष्कर्ष काढला. शरीर आपलाच भाग पाडून टाकतें, ही कल्पना त्या काळीं विलक्षण होती. हंटर १७९३ मध्यें वारला. पाडणारे हात दिसावयास मात्र सूक्ष्मदर्शकाचें युग यावें लागलें. १८७३ मध्यें अल्बर्ट कोलिकर यानें हाड शोषणाऱ्या मोठ्या पेशींस ‘ऑस्टिओक्लास्ट’, म्हणजे हाड मोडणाऱ्या, असें नांव दिलें.

विसाव्या शतकांत मंजिष्ठेची जागा टेट्रासायक्लिन या औषधानें घेतली. तेंहि नव्यानें घडणाऱ्या हाडांतच बसतें आणि अतिनील प्रकाशांत पिवळें चमकतें. त्याच्या आधारें हॅरॉल्ड फ्रॉस्ट यानें १९६० नंतरच्या वर्षांत दाखविलें कीं, पाडणाऱ्या व बांधणाऱ्या पेशी एकाच टोळींत, एकामागून एक काम करतात. पाडणें आठवड्यांचें काम, बांधणें महिन्यांचें. प्रौढ माणसाचें सुमारें १० टक्के हाड दरवर्षीं असें बदलतें.

ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्यें पाडणाऱ्यांचा वेग वाढतो, बांधणारे मागें पडतात, आणि हाडें सच्छिद्र होतात. पाडणाऱ्यांस आवरणारीं औषधें आहेत, आणि त्यांमुळें अस्थिभंग कमी होतात. परंतु तीं फार वर्षें चालूं ठेवल्यास क्वचित् मांडीचें हाड किरकोळ कारणानेंहि मोडतें. रोजच्या वापरानें पडणाऱ्या बारीक भेगा काढून टाकणें हेंहि त्या पाडणाऱ्या पेशींचेंच काम असतें.